रिमोट किती लांबून चालतो?

टीव्हीचा रिमोट नेमका किती लांबून चालतो, हा प्रश्न बहुतेक घरांत कधी ना कधी निघतो, आणि तो निघण्याची वेळ बहुधा रिमोट चालेनासा झाल्यावरच येते. माहितीपुस्तिकेत आठ-दहा मीटर असा काहीतरी आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात एका घरात तोच रिमोट छताकडे किंवा मागच्या भिंतीकडे रोखून दाबला तरी वाहिनी बदलते, तर दुसऱ्या घरात सोफ्यावरून उठून टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे राहावे लागते. या दोन्ही अनुभवांचे स्पष्टीकरण एकच आहे. रिमोटच्या पल्ल्याला कायमचा असा आकडा नसतो; रिमोटमधून निघालेला प्रकाश किती, त्यातला वाटेत वाया गेलेला किती आणि संदेश ओळखण्यासाठी टीव्हीला लागणारा किमान प्रकाश किती, या तीन गोष्टींच्या हिशेबातून तो दर वेळी नव्याने ठरतो.

१. न दिसणारा प्रकाश

मानवी डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. यात जांभळा रंग सर्वांत कमी तरंगलांबीचा व तांबडा सर्वांत जास्त तरंगलांबीचा असतो, आणि तांबड्याच्या पलीकडचा जो प्रकाश डोळ्याला दिसत नाही त्याला अवरक्त किंवा इन्फ्रारेड प्रकाश म्हणतात. त्याचा शोध १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लावला. लोलकातून गेलेल्या सूर्यप्रकाशाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवून तो उष्णता मोजत असताना, तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तेथेही पारा चढत असल्याचे त्याला आढळले.

रिमोटच्या टोकाशी जो मटाराएवढा पारदर्शक किंवा निळसर दिवा असतो तो इन्फ्रारेड एलईडी होय, आणि त्याची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. हा आकडा विचारपूर्वक निवडलेला आहे. टीव्हीतील सेन्सरमध्ये प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा जो सिलिकॉनचा फोटोडायोड असतो, तो याच पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. शिवाय वातावरणातील पाण्याची वाफ सूर्यप्रकाशातील नेमका हा भाग बऱ्याच अंशी शोषून घेते, त्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात तो शेजारच्या तरंगलांबींच्या मानाने कमी असतो. उन्हाला हवेचे कित्येक किलोमीटर ओलांडावे लागतात म्हणून हे शोषण जाणवते. दिवाणखान्यातील चार-पाच मीटर हवेत रिमोटचा प्रकाश मुळीच घटत नाही, असे मानले तरी चालते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. इन्फ्रारेड म्हणजे उष्णता, अशी समजूत रूढ असल्यामुळे अंगाच्या उष्णतेने किंवा गॅसवरच्या गरम कढईमुळे सेन्सर गोंधळत असावा असे काहींना वाटते. पण माणसाच्या शरीरातून निघणारे प्रारण मुख्यत्वे १०,००० नॅनोमीटरच्या जवळपासचे, म्हणजे रिमोटच्या प्रकाशाच्या सुमारे दहापट तरंगलांबीचे असते आणि सिलिकॉनच्या फोटोडायोडला ते जाणवतच नाही. सेन्सरसमोर जो काळपट तांबूस प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो, तो याच्या दुसऱ्या बाजूची राखण करतो. दिसणारा प्रकाश तो अडवतो आणि अवरक्त प्रकाश आत सोडतो. डोळ्याला अपारदर्शक दिसणारी वस्तू रिमोटला पारदर्शक असू शकते.

रिमोटचा दिवा लागतो की नाही, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते, कारण कॅमेऱ्यातील सेन्सरही सिलिकॉनचाच असतो. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश गाळणारी काच अनेकदा जास्त कडक असते. म्हणून समोरचा, सेल्फीचा कॅमेरा वापरावा आणि अंधाऱ्या खोलीत बटण दाबून पाहावे. दिव्याच्या जागी फिकट जांभळी चमक दिसली तर रिमोट जिवंत आहे. ती चमक दिसली म्हणजे पल्ला पुरेसा आहे असे मात्र नव्हे, कारण कॅमेरा वीतभर अंतरावरून पाहत असतो.

२. अंतर दुप्पट, प्रकाश चौथाई

दिव्यातून निघालेला प्रकाश शंकूसारखा पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की त्या शंकूची रुंदी दुप्पट व उंचीही दुप्पट होते, म्हणजे तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि दर चौरस मीटरच्या वाट्याला एक चतुर्थांश उरतो. अंतर तिप्पट झाले तर एक नवमांश उरतो. पदार्थविज्ञानात याला व्यस्त वर्गाचा नियम म्हणतात, आणि रिमोटच्या पल्ल्याचे बहुतेक कोडे या एका नियमाने सुटते.

एलईडीची एखाद्या दिशेतील तीव्रता मिलिवॉट प्रति स्टेरेडियन या एककात सांगतात. स्टेरेडियन हे अवकाशात पसरणाऱ्या शंकूच्या रुंदीचे माप असून पूर्ण गोलात अशी सुमारे १२.६ मापे मावतात. एकक अपरिचित असले तरी ते सोयीचे आहे, कारण तीव्रतेचा जो आकडा असतो तितकेच मिलिवॉट एक मीटर अंतरावर दर चौरस मीटरला पडतात. उदाहरणादाखल १०० तीव्रतेचा एलईडी घेतला, आणि रिमोटमध्ये या श्रेणीचे एलईडी सर्रास असतात, तर एक मीटरवर १००, दोन मीटरवर २५, पाच मीटरवर ४, दहा मीटरवर १ आणि वीस मीटरवर ०.२५ मिलिवॉट प्रति चौरस मीटर इतका प्रकाश पोहोचतो.

आता दुसरी बाजू. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सेन्सरला संदेश ओळखण्यासाठी अंधाऱ्या, शांत परिस्थितीत ०.२५ मिलिवॉट प्रति चौरस मीटर किंवा त्याहूनही कमी प्रकाश पुरतो. वरच्या आकड्यांशी ताळा घातला की उत्तर मिळते: या जोडीचा पल्ला वीस मीटर. तीव्रतेला किमान प्रकाशाने भागून वर्गमूळ काढावे, एवढेच सूत्र आहे. १०० भागिले ०.२५ म्हणजे ४००, आणि ४०० चे वर्गमूळ २०.

या वर्गमुळाचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. पल्ला दुप्पट हवा असेल तर प्रकाश चौपट करावा लागतो, जे महाग पडते. आणि प्रकाश निम्मा झाला तरी पल्ला निम्मा होत नाही, तो सुमारे ७० टक्के उरतो, जे दिलासादायक आहे. नवा रिमोट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला रबर लावून वर्षानुवर्षे वापरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. स्वच्छ पातळ प्लास्टिकने समजा दहा टक्के प्रकाश परत फिरवला, तर पल्ला पाच टक्क्यांनीच घटतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पिशवीच्या टोकाला हळदीचे, तेलाचे थर चढले म्हणजे मात्र हिशेब बदलतो.

३. वीस मीटरांचे साडेतीन मीटर

प्रयोगशाळेत वीस मीटर चालणारा संच घरात कोठवर चालेल, हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे, कारण या साखळीत कोठेही काही बिघडलेले नसते.

पहिली घट नेमाची. एलईडीच्या टोकाचे घुमटासारखे भिंग प्रकाश समोरच्या दिशेत एकवटते, आणि मध्यरेषेपासून साधारण १७ ते २० अंश बाजूला तीव्रता निम्म्यावर येते. सोफ्यावर रेलून, मनगट सैल ठेवून बटण दाबणाऱ्याचा नेम इतका चुकतोच. प्रकाश निम्मा, म्हणून वीस मीटरांचे चौदा उरले.

दुसरी घट सेन्सरच्या कोनाची. सेन्सरही समोरून आलेला प्रकाश अधिक चांगला टिपतो आणि सुमारे ४५ अंश तिरक्या दिशेने पल्ला निम्मा होतो. खोलीच्या कोपऱ्यातील खुर्चीवर बसणाऱ्याच्या वाट्याला हेच येते. चौदाचे सात झाले. तिसरी घट टीव्हीपुढची. सेट-टॉप बॉक्स शोकेसच्या काचेआड ठेवलेला असतो, सेन्सरवर धूळ बसलेली असते, आणि त्यात आणखी निम्मा प्रकाश गेला असे धरले तर साताचे पाच मीटर उरतात. काचेतून रिमोटचा प्रकाश चांगला जातो. अडचण करते ती धूळ, आणि काच रंगीत असेल तर तो रंग.

चौथी घट सेलची. रिमोटमधील एलईडीतून प्रवाह सलग वाहत नाही, तो अगदी अल्पकाळाच्या झटक्यांनी वाहतो आणि त्या झटक्यांच्या वेळी शंभर किंवा कित्येक शे मिलिअँपिअरपर्यंत जातो. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि मोजमापात व्होल्टेज ठीक दिसले तरी असा झटका तो देऊ शकत नाही. भिंतीवरच्या घड्याळात तोच सेल आणखी काही महिने चालतो, कारण घड्याळाला फारच थोडा प्रवाह लागतो. रिमोटमधून काढलेले सेल घड्याळात घालण्याची जुनी घरगुती रीत त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे. प्रवाह निम्मा झाला की पाच मीटरांचे साडेतीन उरतात.

झाकण काढून सेल अंगठ्याने गरागरा फिरवले की रिमोट पुन्हा चालू लागतो, याचेही कारण येथेच सापडते. स्प्रिंग व सेलचे टोक यांच्यामध्ये जो गंजाचा किंवा मळाचा पातळ पापुद्रा धरतो तो घासला जाऊन रोध कमी होतो. रिमोट तळहातावर आपटण्याने कधीकधी हेच साधते. बटण जोर लावून दाबण्याने मात्र प्रकाश वाढत नाही. बटणाखालचा कार्बनचा ठिपका झिजलेला असेल तर जोर लावल्यावर संपर्क होतो इतकेच, आणि एकदा संपर्क झाला की हलक्या बोटाचा व जड बोटाचा प्रकाश सारखाच असतो.

मग नव्या घरात, नव्या सेलवर रिमोट छताकडे रोखला तरी का चालतो? तीन मीटर अंतरावर वरचा एलईडी सुमारे ११ मिलिवॉट प्रति चौरस मीटर प्रकाश पोहोचवतो, म्हणजे गरजेच्या चव्वेचाळीस पट. छताचा किंवा भिंतीचा पांढरा रंग अवरक्त प्रकाश चांगल्यापैकी परावर्तित करतो, आणि विखुरण्यात बराचसा गमावूनही गरजेपुरता प्रकाश सेन्सरपर्यंत जातो. वीस मीटरांची क्षमता वीस मीटरांवर बसणाऱ्यासाठी दिलेली नसतेच, कारण इतका मोठा दिवाणखाना फार थोड्यांकडे असतो. ती दिलेली असते चुकलेला नेम, धूळ, पांघरूण आणि आटत चाललेले सेल यांच्यावर खर्च होण्यासाठी. माहितीपुस्तिकेतील आठ-दहा मीटर हा आकडा यातील काही खर्च आधीच वजा करून लिहिलेला असतो.

४. उन्हाचा अडथळा

आतापर्यंतचा हिशेब अंधाऱ्या खोलीचा झाला. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट ऊर्जा पडते; तिची तुलना ०.२५ मिलिवॉटशी केली तर ऊन चाळीस लाख पट ठरते. तरीही खिडकीतून थोडे ऊन येत असताना रिमोट चालतो, हेच खरे नवल आहे.

या अडचणीचा पहिला फटका अमेरिकेत बसला. झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली याने १९५५ साली ‘फ्लॅश-मॅटिक’ हा बिनतारी रिमोट आणला. तो विजेरीसारखा साध्या, दिसणाऱ्या प्रकाशाचा झोत टाकत असे आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांतील प्रकाशग्राहींपैकी ज्याच्यावर झोत पडेल त्याप्रमाणे टीव्ही कृती करी. प्रकाश कोणाचा, हे ओळखण्याची सोय त्यात नव्हती, आणि त्यामुळे ऊन पडद्यावर आले की टीव्ही आपोआप वाहिन्या बदलू लागे.

आजचा रिमोट यावर जो उपाय योजतो तो गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत पाहायला मिळतो. ढोल-ताशांच्या कल्लोळात पथकाचा प्रमुख शिट्टी वाजवतो आणि शेकडो वादक त्या शिट्टीवर ताल बदलतात; शिट्टी ढोलांहून मोठी नसते, पण तिचा सूर ढोलांच्या आवाजात नसतो, आणि वादकांचे कान त्या सुराकडेच लागलेले असतात. रिमोटचा एलईडी बटण दाबल्यावर नुसता पेटून राहत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो. या लयीला वाहक वारंवारता म्हणतात आणि ती ३८ किलोहर्ट्झ अशी लिहितात. काही कंपन्या ३६ किंवा ४० किलोहर्ट्झ वापरतात. सेन्सरमधील मंडल फोटोडायोडकडून आलेल्या विजेतून स्थिर भाग टाकून देते आणि या लयीच्या आसपासचा भाग तेवढा पुढे पाठवते. ऊन स्थिर असते, म्हणून ते गळते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची तीव्रता सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते; तीही ३८,००० च्या तुलनेत संथ असल्याने गळून जाते. बाजारात मिळणाऱ्या काही पर्यायी रिमोटची लय मूळ सेन्सरशी नेमकी जुळत नाही, आणि असा रिमोट चालतो खरा, पण जवळूनच.

गाळणी चांगली असली तरी परिपूर्ण नसते. प्रखर उन्हातील प्रकाशकण अगदी समान अंतराने येत नाहीत. त्यांच्या येण्यातील या अनियमिततेमुळे सर्वच वारंवारतांवर एक बारीक खरखर निर्माण होते आणि ३८ किलोहर्ट्झवरही तिचा अंश असतो. इलेक्ट्रॉनिक चोकचे दिवे व सीएफएल तर काही दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच, म्हणजे रिमोटच्या दाराशीच उघडझाप करतात. असा गोंगाट जाणवला की सेन्सर आपली संवेदनक्षमता स्वतःहून कमी करतो, म्हणजे किमान प्रकाशाची अट वाढवतो, नाहीतर तो खरखरीलाच संदेश समजू लागेल. अट चौपट झाली तर पल्ला निम्मा होतो, आणि मागच्या विभागातील साडेतीन मीटरांचे पावणेदोन मीटर उरतात. बाल्कनीसमोरच्या टीव्हीवर संध्याकाळी चालणारा रिमोट दुपारी का रुसतो, याचे उत्तर यात आहे आणि त्यावरचा उपाय पडदा ओढणे इतका साधा आहे.

५. सीमेवर काय घडते

आवाज दूर गेला की हळूहळू अस्पष्ट होतो. रिमोटचे तसे होत नाही. टीव्ही अर्धवट आवाज वाढवत नाही. याचे कारण समजण्यासाठी संदेशाची रचना पाहावी लागते. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत फार प्रचलित आहे. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा उघडझापींचा लांब समूह येतो, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर शून्य व एक या दोनच चिन्हांत लिहिलेली ३२ चिन्हे. प्रत्येक चिन्ह एकवीस-बावीस उघडझापींच्या छोट्या समूहाने सुरू होते. त्यानंतरची शांतता आखूड असेल तर ते शून्य आणि लांब असेल तर एक. सारा संदेश ६७.५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात संपतो.

या ३२ चिन्हांत उपकरणाचा क्रमांक व बटणाचा क्रमांक असतो, आणि प्रत्येक क्रमांकाच्या पाठोपाठ त्याचीच उलटी प्रत येते, म्हणजे शून्याच्या जागी एक व एकाच्या जागी शून्य. दोन्ही प्रती जुळल्या नाहीत तर टीव्ही तो संदेश सरळ टाकून देतो. त्यामुळे पल्ल्याच्या सीमेवर एखादे चिन्ह हुकले तरी चुकीची वाहिनी लागत नाही, काहीच घडत नाही, आणि तीन वेळा दाबल्यावर एकदा चालते असा अनुभव येतो.

बटण दाबून धरणे येथे कुचकामी ठरते. या पद्धतीत पूर्ण संदेश एकदाच जातो, आणि बोट दाबलेलेच राहिले तर त्यानंतर ‘तेच पुन्हा’ एवढ्या अर्थाची छोटी खूण वारंवार जात राहते. पहिलाच संदेश पोहोचला नसेल तर ‘तेच’ म्हणजे काय हे टीव्हीला कळत नाही. बोट उचलून पुन्हा दाबणे हाच शहाणपणा. फिलिप्सच्या आरसी-५ या पद्धतीत मात्र पूर्ण संदेशच पुनःपुन्हा जातो, त्यामुळे तेथे दाबून धरण्याने काम होऊ शकते.

एसीच्या रिमोटची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्यावर पडदा असतो आणि प्रत्येक बटणासरशी तो बहुधा संपूर्ण स्थिती पाठवतो: तापमान, पंख्याचा वेग, थंड की कोरडी हवा, सारे एकदम. संदेशवहन एकतर्फी असल्याने एसीने ऐकले की नाही हे रिमोटला कळत नाही. मधल्या एखाद्या संदेशाला पांघरुणाची घडी आडवी आली, तर रिमोटवर २४ आणि एसीत २६ अशी विसंगती निर्माण होते. पुढचा संदेश पोहोचला की ती आपोआप मिटते.

६. पल्ला वाढवायचा असेल तर

एलईडीला जास्त प्रवाह द्यावा तर सेल लवकर संपतात. भिंग अरुंद करून झोत एकवटावा तर पल्ला वाढतो, पण नेम धरण्याची कसरत घरातील वडीलधाऱ्यांना करावी लागते. अनेक रिमोटांत म्हणूनच रुंद झोताचा एखादा, किंवा वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले दोन एलईडी असतात. दुसऱ्या खोलीतील सेट-टॉप बॉक्स चालवायचा असेल तर लांब वायरीच्या टोकाला बसवलेला सेन्सर टीव्हीजवळ आणणे हाच व्यवहार्य मार्ग.

इन्फ्रारेडला भिंत ओलांडता न येणे ही उणीव आहे की सोय, याचा निकाल इतिहासाने दिला आहे. फ्लॅश-मॅटिकनंतर १९५६ साली झेनिथच्याच रॉबर्ट अ‍ॅडलर याने ‘स्पेस कमांड’ हा ध्वनीवर चालणारा रिमोट तयार केला. त्यात बटण दाबले की छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा उच्च स्वर निघे. सेल लागतच नसत. ही पद्धत पाव शतक टिकली, पण नाण्यांचा किंवा किल्ल्यांच्या जुडग्याचा खणखणाटही कधीकधी टीव्हीला आज्ञेसारखा वाटे. १९८० च्या दशकात इन्फ्रारेडने तिची जागा घेतली. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये, जेथे दोन कुटुंबांचे टीव्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना टांगलेले असतात, तेथे एकाच्या रिमोटने दुसऱ्याची मालिका बंद पडत नाही, ती प्रकाश अडवणाऱ्या त्या भिंतीच्या कृपेने.

नव्या स्मार्ट टीव्हींचे रिमोट ब्लूटूथ वापरू लागले आहेत. त्या रेडिओलहरी पांघरुणातून व पातळ भिंतींतूनही जातात आणि नेमाची गरज उरत नाही. अशा पुष्कळ रिमोटांत टीव्ही सुरू करण्याच्या बटणासाठी इन्फ्रारेड एलईडी मात्र कायम ठेवलेला आढळतो. बंद टीव्हीत ब्लूटूथचे यंत्र जागे ठेवणे जास्त विजेचे काम आहे, तर इन्फ्रारेड सेन्सर सुमारे एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाहावर दिवसरात्र संदेशाची वाट पाहू शकतो.